पडद्यावरची झाशी आणि वर्गातली झाशी

इतिहासाच्या तासाला चित्रपट दाखविण्याची प्रथा आता आपल्या शाळांतून चांगलीच रुळली आहे. एके काळी वर्षातून एखादे वेळी सभागृहात पडदा बांधून अनुबोधपट दाखविला जाई आणि त्याची चर्चा मुले महिनाभर करीत. १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा इतिहास घरोघरी पोहोचला. आज वर्गाच्या भिंतीवरच पडदा आहे. ही सोय झाली याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु पुष्कळदा असे घडते की, चित्रपट सुरू करून शिक्षक मागच्या बाकावर वह्या तपासत बसतात, घंटा होते आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा सुरू होतो. मुलांनी इतिहास पाहिला, असे सर्वजण समाधानाने मानतात. त्यांनी नेमके काय पाहिले, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

हा प्रश्न हवेत न विचारता एका उदाहरणावर घासून पाहावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईसारखे उदाहरण नाही. एक तर ती देशातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दुसरे म्हणजे तिच्यावर सहासष्ट वर्षांच्या अंतराने दोन मोठे हिंदी चित्रपट निघाले आहेत. तिसरे कारण आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांच्या, अगदी जवळचे आहे. झाशीचे राज्य कोकणातून आलेल्या नेवाळकरांचे. राणी ही ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास राहिलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी. तिचा शेवट ग्वाल्हेरला झाला आणि तिच्या दत्तक पुत्राचे उर्वरित आयुष्य इंदुरात गेले. हा इतिहास आमच्या वाड्यांच्या, आमच्या गल्ल्यांच्या आसपास घडला आहे. त्याचा एक अव्वल साक्षीदार तर मराठीतच लिहून गेला आहे. असे असता आपली मुले तो पडद्यावरूनच शिकणार असतील, तर पडदा त्यांना काय देतो आणि काय देत नाही, हे पाहणे आपले काम आहे.

प्रथम सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ घेऊ. हा चित्रपट जानेवारी १९५३ मध्ये, प्रजासत्ताकदिनाच्या तोंडावर, प्रदर्शित झाला. भारतात तयार झालेला पहिला टेक्निकलर चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. ‘गॉन विथ द विंड’चे छायाचित्रण करणारे अर्नेस्ट हॉलर यांना मोदींनी त्यासाठी मुद्दाम बोलाविले होते. पैसा पाण्यासारखा ओतूनही तिकीटबारीवर तो पडला. तरीही त्यातली तटबंदी, तोफा, घोडदळाची धाव आणि दरबाराचा थाट आजही नजर बांधून ठेवतो. राणीची भूमिका मेहताब यांची आहे. राणीचे जन्मवर्ष काही ठिकाणी १८२८, तर काही ठिकाणी १८३५ दिले जाते. म्हणजे मृत्युसमयी तिचे वय एकोणतीस किंवा अवघे बावीस वर्षांचे होते. मेहताब त्याहून बऱ्याच प्रौढ दिसतात. पण हा दोष किरकोळ मानावा. खरी गोष्ट आहे ती राजगुरूची. ही भूमिका मोदींनी स्वतःकडे ठेवली आहे. लहान मनूचे धाडस पाहून हा राजगुरू तिला घडवावयाचे ठरवितो, गंगाधररावांशी तिचा विवाह जुळवून आणतो आणि तिच्या मनात राष्ट्राचे स्वप्न पेरतो. राणीचे कर्तृत्व अशा रीतीने एका वडीलधाऱ्या पुरुषाच्या योजनेचे फळ ठरते.

हा राजगुरू इतिहासाच्या कागदांतून आलेला नसून १९५३ सालातून आलेला आहे. स्वातंत्र्याला सहाच वर्षे झाली होती. नव्या राष्ट्राला वडिलकीची, मार्गदर्शकाची, शिस्तीत घडलेल्या त्यागाची प्रतिमा हवी होती. मोदींच्या भारदस्त संवादांतून ऐकू येतो तो त्या काळाचा आवाज. फ्रेंच इतिहासकार मार्क फेरो यांनी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते ऐतिहासिक चित्रपट हा ज्या काळाविषयी असतो त्यापेक्षा ज्या काळात तयार होतो त्या काळाचा अधिक भरवशाचा दस्तऐवज असतो. या दृष्टीने पाहिले तर मोदींचा चित्रपट नवस्वतंत्र भारताच्या मनाविषयी पुष्कळ सांगतो आणि १८५७ च्या झाशीविषयी बेताचेच.

दुसरा चित्रपट जानेवारी २०१९ मधला ‘मणिकर्णिका: द क्वीन ऑफ झाँसी’. दिग्दर्शक म्हणून राधा कृष्ण जगरलामुडी आणि कंगना राणावत यांची नावे आहेत. राणीच्या भूमिकेतही राणावतच. कथा विजयेंद्र प्रसाद यांची, संवाद प्रसून जोशी यांचे. येथे राजगुरूची गरजच उरलेली नाही. ही राणी जणू तलवार घेऊनच जन्मास आली आहे. वाघासमोर ती निर्भयपणे उभी राहते, इंग्रजांच्या तावडीतून वासरू सोडविते, एकटी दहांना पुरी पडते. प्रत्येक वार संथगतीने दाखविला आहे आणि प्रत्येक वारामागे ढोलताशांचा गजर आहे. आमच्या मते अभिनयात जोर आहे, काही प्रसंगांत खरी धगही आहे. परंतु ही राणी विचार करताना फारशी दिसत नाही. तिला शंका येत नाही, ती कुणाला पत्र लिहीत नाही, निर्णय घेताना थांबत नाही. वासराच्या प्रसंगात तर २०१९ सालचे राजकीय वातावरणच १८५७ च्या वेशात उभे आहे, हे नववीतला मुलगाही सांगू शकेल. मात्र त्याला ते कुणीतरी विचारावयास हवे. मराठीपण म्हणाल तर ते नऊवारी, नथ आणि अधूनमधून येणारा एखादा शब्द यांपुरते उरले आहे.

या दोन चित्रपटांचे दोष काढीत बसणे हा आमचा हेतू नाही. चित्रपटकाराला कल्पनेचा अधिकार आहे. नाटककाराला आणि कादंबरीकाराला आपण तो केव्हाच दिला आहे. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या हिंदी कादंबरीने राणीची जी मूर्ती घडविली, ती उत्तर हिंदुस्थानात घराघरांत पोहोचली, ते योग्यच झाले. प्रश्न आहे तो वर्गाचा. वर्गात चित्रपट आला की त्याला पाठ्यपुस्तकाचा अधिकार प्राप्त होतो. मुलाला वाटते, हे शाळेने दाखविले आहे, म्हणजे असेच झाले असणार.

ही भीती काल्पनिक नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना एखाद्या ऐतिहासिक घटनेवरचा अचूक मजकूर वाचावयास दिला आणि त्याच घटनेवरील चित्रपटातला तुकडाही दाखविला. चित्रपट मजकुराशी जुळणारा असेल तेथे स्मरण सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढले. पण चित्रपटाने चुकीची माहिती दिली असेल तेथे अचूक मजकूर वाचलेला असूनही कित्येकदा, काही परिस्थितीत निम्म्या वेळा, विद्यार्थ्यांनी चित्रपटातली चूकच खरी म्हणून सांगितली. चित्रपटात चुका असतात, असा सर्वसाधारण इशारा दिल्याने फारसा फरक पडला नाही. अमुक प्रसंगात अमुक गोष्ट चुकीची आहे, असे नेमके सांगितले तेव्हाच चूक टळली. याचा अर्थ शिक्षकाने वहीवर डोळे ठेवून चालणार नाही. पडदा चालू असताना त्याचे काम वाढते.

हे काम कसे करावे, यासाठी झाशीच्या कागदांकडे वळू.

गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने नामंजूर केले आणि १८५४ च्या आरंभी झाशी खालसा झाली. तेव्हापासून जून १८५७ पर्यंत तीन वर्षे गेली. या तीन वर्षांत राणीने काय केले? तिने खलिते लिहिले. कंपनीशी झालेल्या जुन्या तहांचे आधार दाखविले. बुंदेलखंडातल्या शेजारच्या संस्थानांतील दत्तके मान्य झाली होती, त्यांचे दाखले दिले. सिडनीस जन्मलेला, कंपनीविरुद्धचे दावे लढविणारा जॉन लँग नावाचा बॅरिस्टर तिने सल्ल्यासाठी बोलावून घेतला. लंडनपर्यंत दाद मागितली. सगळीकडून नकार आला. पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकते आणि पडद्यावर त्याहूनही कमी वेळात, कारण कागद लिहिणारी बाई घोड्यावरच्या बाईसारखी डोळ्यांत भरत नाही.

झाशी सोडणार नाही, असा जो राणीचा उद्गार शाळकरी मुलांनाही पाठ असतो, त्याची गंमत येथेच आहे. पडद्यावर तो जनसमुदायासमोर, आवेशाने, पार्श्वसंगीताच्या साथीने येतो. तो ज्या पुस्तकातून आपल्याला माहीत झाला, ते पुस्तक या जॉन लँगचेच आहे. हिंदुस्थानातील भ्रमंतीवरचे त्याचे हे पुस्तक १८५९ साली निघाले. त्यात १८५४ च्या भेटीची हकीगत आहे. राणी पडद्याआड बसलेली, बाहेर वकील बसलेला. लहानग्या दत्तक मुलाने पडदा बाजूला सारला म्हणून लँगला तिचे क्षणभर दर्शन झाले. वकिलाने सल्ला दिला की, हक्क राखून ठेवून तूर्त वर्षासन घ्यावे. त्यावर राणीने तो उद्गार काढला. रणघोषणेचा त्या प्रसंगाशी संबंध नाही; वकिलाने सुचविलेली तडजोड तिने तेथे नाकारली. शिवाय लँगने हे पाच वर्षांनी आठवून लिहिले आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. चित्रपटातला तो क्षण आणि लँगचे ते पान, एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तरी एक उत्तम तास होतो. एकच वाक्य पडद्याआडून कसे निघाले आणि तटावर कसे पोहोचले, या वाटचालीत दीडशे वर्षांचा इतिहास सामावला आहे.

याहून अवघड गोष्ट जून १८५७ ची. ८ जून रोजी झाशीच्या जोखनबागेत साठाच्या आसपास युरोपियन स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली. त्यानंतर राणीने १२ आणि १४ जूनला कमिशनर अर्स्किन याला पत्रे पाठविली. त्यांत शिपायांनी केलेला अनर्थ, त्यांनी धमकावून उकळलेला पैसा आणि आपली असहायता यांचे निवेदन आहे. अर्स्किनने इंग्रजी अंमल पुन्हा बसेपर्यंत कारभार तिने पाहावा, असे कळविले. नंतर ओरछाच्या फौजेने झाशीवर स्वारी केली आणि तिला स्वतःच्या बळावर शहर राखावे लागले. पुढे मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज वेशीपाशी आला तेव्हा मात्र तिने लढावयाचेच ठरविले. या घटनाक्रमाचा अर्थ काय लावावा यावर विद्वानांत मतभेद आहेत. सावरकरांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात ती आरंभापासूनच स्वातंत्र्यसमराची नायिका म्हणून उभी केली. १९५७ मध्ये सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांनी, ती परिस्थितीच्या रेट्याने युद्धात ओढली गेली, अशा अंगाने लिहिले. शाळेच्या वर्गात हा वाद सुटावा अशी अपेक्षा नाही. परंतु असा वाद आहे, तो कागदांवरून आहे, हे मुलांना कळले पाहिजे. दोन्ही चित्रपट पाहून मुलांनी स्वतः टिपून काढावे की, जोखनबाग पडद्यावर किती वेळ आहे, राणी त्या वेळी कोठे दाखविली आहे आणि ती पत्रे चित्रपटात आहेत की नाहीत.

असे कागद पडद्यावर आणताच येत नाहीत, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मध्ये १८५६ सालचे अवधचे खालसा प्रकरण घेतले. त्यात तलवारबाजी जवळजवळ नाही. तहनामा आहे, रेसिडेंटची चलबिचल आहे, नबाबाचे मौन आहे. संस्थाने कशी गिळली गेली, हे सांगण्यासाठी रायांनी चेरीची फळे खाणाऱ्या डलहौसीचे चलच्चित्र योजले आहे. खालसा करण्याचे धोरण त्या काही मिनिटांत मुलांना जितके समजेल तितके पाठ्यपुस्तकाच्या चार पानांनी समजणार नाही. चित्रपट हे माध्यम उथळ नाही. निवड उथळ असू शकते, दिग्दर्शकाची आणि शिक्षकाचीही.

आता आपल्या साक्षीदाराकडे येऊ. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. घरच्या कर्जाने गांजून, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ही हकीगत लिहिली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ मध्ये आपले संस्कार करून ‘माझा प्रवास’ या नावाने छापली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे पुस्तक असेल. निदान मंडळांच्या ग्रंथालयांत ते आहे.

या पुस्तकातली राणी दोन्ही चित्रपटांत नाही. ती पहाटे उठून मल्लखांब करते, घोडा फिरविते. रामनामाच्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून माशांना देते. कधी पुरुषी पोषाखात, कधी लुगड्यात कचेरीस बसते. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती गोडशांना भेटते. धुळीने माखलेली, तहानलेली. गोडसे पाणी शेंदू लागतात, तर ती विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतः दोर घेते. आपण विधवा, आपली गरज ती किती, असे ती बोलते. एवढ्या प्रसंगातले मोठेपण आणि थकवा संथगतीच्या शंभर वारांतून येणार नाही. कारण येथे राणी दमलेली आहे आणि दमलेली असूनही ती राणी आहे.

गोडसे आणखी एक गोष्ट दाखवितात, जी चित्रपटाला कथानकाच्या ओघात थांबून दाखविता आली नाही. ती म्हणजे राणी निसटल्यानंतरची झाशी. राणी ४ एप्रिलच्या रात्री शहराबाहेर पडली, की कॅमेराही तिच्यामागोमाग घोड्यावर बसून जातो. गोडसे मात्र मागे राहिले होते. कत्तल, आग, आणि मग क्रमाने चाललेली लूट, आधी सोनेनाणे, नंतर भांडीकुंडी, कपडालत्ता, धान्य. लपलेली माणसे, न मिळणारे पाणी, रस्त्यांत पडलेली प्रेते. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण पाहून या गरीब भिक्षुकाला जी हळहळ वाटली, ती आमच्यासारख्या वाङ्मयमंडळांना विशेष जाणवावी. युद्ध म्हणजे काय, हे मुलांना येथे कळते.

मात्र गोडसेभटजींनाही शंभर टक्के प्रमाण मानू नये. त्यांनी पंचवीस वर्षांनंतर लिहिले. बंडाची कारणे सांगताना त्यांनी बाजारगप्पाही लिहून ठेवल्या. वैद्यांनी त्यांची भाषा आणि मजकूर सुधारला. तेव्हा त्यांचीही उलटतपासणी व्हावी. लँग परका, गोडसे आपले, म्हणून एकाला झुकते माप देणे हा इतिहास नव्हे. साक्षीदार ओळखीचा असला की उलट अधिक काटेकोर राहावे लागते.

ग्वाल्हेरच्या बाबतीत तर हा काटेकोरपणा आपल्याला टोचणाराच आहे. सुभद्राकुमारी चौहान यांची राणीवरची प्रसिद्ध कविता हिंदी पाठ्यपुस्तकांतून मुले तोंडपाठ करतात. तीत शिंद्यांवर ठपका आहे. तो ऐकून ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत कुठे अवघडलेपण येते, कुठे सारवासारव होते. जून १८५८ च्या आरंभी जयाजीराव शिंदे फौज घेऊन तात्या टोपे आणि राणी यांच्यावर चालून गेले. त्यांची फौज प्रतिपक्षाला मिळाली, आणि ते दिवाण दिनकरराव राजवाड्यांसह आग्र्यास गेले. म्हणजे मालक एकीकडे आणि त्यांचे शिपाई दुसरीकडे. एकाच शहरातली मराठी माणसे दोन्ही बाजूंना होती. पडद्यावर मित्र आणि फितूर असे दोनच रंग उरतात. वर्गात मात्र विचारता येईल की, राजाने काय तोलून पाहिले असेल, शिपायांनी काय, आणि ग्वाल्हेरच्या बाजारातल्या दुकानदाराने काय. राणीचा गौरव कमी न करताही हे विचारता येते.

येथे एक आक्षेप हमखास येतो. मुलांच्या मनात राणीविषयी जी श्रद्धा आहे, तिला असल्या चौकश्यांनी तडा जाईल, असे काही पालक म्हणतात. आम्हांस उलटेच दिसते. तलवार घेऊन जन्मास आलेल्या देवतेला नमस्कार करता येतो, तिच्यापासून शिकता काही येत नाही. बावीस अथवा एकोणतीस वर्षांच्या विधवेने तीन वर्षे अर्ज केले, वकील लावले, नकार पचविले, अंगावर आलेला कारभार सांभाळला आणि सगळे मार्ग संपल्यावर तलवार उपसली, हे कळले तर तिचे शौर्य अधिक कळते. निवडीला किंमत असते ती दुसरा मार्ग माहीत असला म्हणजे.

दुसरा आक्षेप वेळेचा. चित्रपट अडीच तासांचा, तास चाळीस मिनिटांचा, अभ्यासक्रम डोक्यावर. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, पूर्ण चित्रपट वर्गात दाखवूच नये. तो मुलांनी घरी पाहावा. वर्गात दहा मिनिटांचा एक प्रसंग पुरे. तो एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून दाखवावा. पार्श्वसंगीत गेले की प्रसंगातला किती आवेश कमी होतो, हे मुलांच्या ताबडतोब ध्यानात येते. दुसऱ्या तासाला तोच प्रसंग दुसऱ्या चित्रपटातून दाखवावा आणि दोन्ही चित्रपट कोणत्या साली निघाले ते फळ्यावर लिहावे. तिसऱ्या तासाला एक कागद वाचावा: लँगचे पान, राणीचे पत्र किंवा गोडशांचा वेढा. चौथ्या तासाला मुलांनी एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे, चित्रपटाने काय गाळले आणि का गाळले असावे. चार तासांत एवढे होते. साधा प्रश्नही पुरतो. पुतळ्यांतून आणि चित्रांतून राणीच्या पाठीशी बांधलेले मूल बहुधा अगदी लहान असते. दामोदरराव १८४९ चा, म्हणजे तो त्या वेळी आठनऊ वर्षांचा होता. मग चित्रकाराला लहान मूल का हवेसे वाटले? मातृत्वाच्या प्रतिमेवर यातून अर्धा तास बोलता येते.

नॅटली झीमन डेव्हिस या विदुषीचे उदाहरण या संदर्भात आठवते. सोळाव्या शतकातल्या मार्टिन गेर या फ्रेंच शेतकऱ्यावरील १९८२ च्या चित्रपटाला त्यांनी इतिहासकार म्हणून साहाय्य केले. चित्रपट त्यांना आवडला, पण त्यात जे मावले नाही त्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १९८३ मध्ये त्यांनी त्याच विषयावर पुस्तक लिहिले, आणि ते आज इतिहासलेखनाचा नमुना मानले जाते. चित्रपटाने प्रश्न निर्माण केले आणि उत्तरांसाठी त्या कागदांकडे गेल्या. वर्गातही हाच क्रम असावा.

परंतु कागदांकडे जाण्यासाठी कागद वाचता आले पाहिजेत, आणि येथे प्रश्न शाळेच्या हातून आपल्या घराकडे येतो. बृहन्महाराष्ट्रातली आपली मुले हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड, इंग्रजी माध्यमांतून शिकतात. घरी मराठी बोलतात, कळते म्हणतात. वाचत मात्र नाहीत. ‘माझा प्रवास’ आज इंग्रजीत आहे, आणि अमृतलाल नागर यांनी केलेला ‘आँखों देखा गदर’ हा त्याचा हिंदी अनुवादही आहे. शाळेत हिंदी अनुवाद अवश्य वापरावा. पण वरसईच्या भटजीने आपल्या बोलण्याच्या मराठीत सांगितलेली झाशी आपल्याच नातवंडांनी अनुवादातून वाचावी, आणि तीही शाळेने सांगितले तरच, ही गोष्ट आपल्या मंडळांनी मुकाट्याने सोसण्यासारखी नाही. पडदा कोणत्याही भाषेत बोलेल. मूळ साक्ष एकाच भाषेत आहे. ती वाचणारे संपले, की पडद्याला उलट प्रश्न विचारणारेही संपले.

मंडळांना येथे करण्यासारखे काम आहे आणि ते खर्चाचे नाही. पोतदारांच्या आवृत्तीतली झाशीच्या वेढ्याची पाने निवडून, कठीण शब्दांचे अर्थ देऊन, पंधरावीस पानांची पुस्तिका करावी. सुट्टीत मुलांना एकत्र बोलावून चित्रपटातला एक प्रसंग दाखवावा आणि त्यावरची ती पाने मोठ्याने वाचावीत. जवळच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना, ते मराठी असोत वा नसोत, आग्रहाने बोलवावे. ज्या घरांत त्या काळचे जुने कागद आहेत त्यांनी ते दाखवावेत.

दोन्ही चित्रपट राणीच्या मृत्यूपाशी संपतात. इतिहास तेथे संपला नाही. दामोदरराव काही निष्ठावंतांबरोबर दोनेक वर्षे रानावनात भटकला, १८६० मध्ये इंदुरास आला, तुटपुंज्या वर्षासनावर तेथेच राहिला आणि १९०६ साली वारला. गोडसेभटजी कर्ज फेडण्यासाठी निघाले होते; ते लुटले जाऊन, आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी वरसईस परतले. त्या कावडीबरोबर जी हकीगत त्यांनी आणली ती आपल्या भाषेत आहे. ती आपल्या मुलांपर्यंत पोहोचविण्यास वर्गातला तो पडदाही निमित्त होऊ शकेल, मात्र तो मध्येच थांबविणारा शिक्षक आणि पुस्तक उघडून देणारे घर, दोन्ही हवीत.